टिकल्यांना भिडलेली साय

९ सप्टेंबर

प्रिय भावोजी,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे दुखतातच, पण आता दोन घास जेवते. तुम्हीही जेवत असाल असं धरून चालतो. फोनवर चिडलात, म्हणून लिहितोय.

ताईच्या जखमेतले जंतू जपून ठेवायला डॉक्टरीणबाईंनी तुमची संमती मागितली. तुम्ही म्हणालात, "ज्यांनी तिचा जीव घेतला त्यांना पोसायचं? भट्टीत टाका." मीही आधी तेच म्हणालो होतो.

पण काल प्रयोगशाळेत जाऊन आलो. बाईंनी झाकणाची बशी दाखवली. आत जंतूंची हिरवट-निळी साय, त्यावर औषधांत भिजवलेल्या कागदी टिकल्या. औषध लागू पडलं तर टिकलीभोवती मोकळं कडं दिसतं. इथे साय प्रत्येक टिकलीला भिडलेली. मी बघतच राहिलो. राग यायला हवा होता, आला नाही. डोळ्यांना न दिसणारा जीव, आणि कुणालाच हार गेला नव्हता.

टिकल्यांवर औषधांच्या नावांची अक्षरं होती. ताईला असल्या नावांची कुळकथा पाठ. औषधांच्या दुकानात गिऱ्हाइकालाही सोडायची नाही. पेनिसिलिन म्हणजे छोटा ब्रश, कारण ती बुरशी तशी दिसते. सिस्टरनं 'सेफ'वालं सलाईन लावलं तेव्हा ताई म्हणाली, "सेफ म्हणजे ग्रीकमध्ये डोकं. आमच्या ह्यांना लावा, त्यांना गरज आहे." तुम्ही किती हसलात!

तुम्ही चहाला गेलात तेव्हा तिनं मला मलमाची गोष्ट सांगितली. एका लहान मुलीचं पायाचं हाड मोडलं, तिच्या जखमेतल्या जंतूंपासून औषध मिळालं, आणि त्याच्या 'बॅसिट्रासिन' या नावातल्या 'ट्रासि'त तिचं आडनाव राहिलं. "केवढीशी पोर," ताई म्हणाली, "आणि कुणाकुणाच्या खरचटलेल्या गुडघ्यांवर तिचं आडनाव!" तोंडाला कोरड पडली होती, तरी बोलत होती.

बाई म्हणतात, या जंतूंवर नवी औषधं तपासता येतील. बशीवर नाव नसेल, नुसता क्रमांक. हे सगळं खरं. पण मी त्यासाठी लिहीत नाहीये.

भावोजी, ते तिच्या अंगाच्या उबेत वाढलेत. तिच्यातलं अजून जिवंत असलेलं तेवढंच उरलंय. शुक्रवारी बशा भट्टीत जातात. एकदा तिला पोचवून आलो. पुन्हा माझ्यानं होणार नाही.

हो म्हणा.

तिचा भाऊ, म्हणून कायमचा तुमचा,
मेहुणा