बिनछापाची फ्रेम

३ फेब्रुवारी, मंगळवार

आली!

पेटी दारात टेकवून कुरिअरवाला म्हणाला, "आजी, आत आहे काय? रिकामीच लागतेय." आजी! सही करता करता त्याच्याकडे असं काही पाहिलं, की जाताना "येतो मॅडम" म्हणाला.

उघडली. काळी, गुळगुळीत. कुठे नाव नाही, छाप नाही, रंगाचा पट्टासुद्धा नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक किलो शंभर ग्रॅम. एकतीस वर्षं मशीन शॉपमध्ये मुलांना लोखंड हाताळायला शिकवलं, एवढं हलकं काही या हातांना ठाऊकच नाही. खाली ठेवली, पुन्हा उचलली. पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. उगाच!

वन्सं चष्मा लावून आल्या. "चाकं कुठायत?"

"चाकं वेगळी येतील."

"बसायचं?"

"तेही वेगळं."

"मग हे आलंय ते काय?"

४ फेब्रुवारी, बुधवार

कशासाठी हा खटाटोप, ते एकदा लिहून ठेवते. मागाहून कुणी हौस म्हणायला नको.

दोन वर्षांपूर्वी लेकीच्या घरी, चार पाहुण्यांसमोर, जेवणाच्या टेबलावर मी जावयाला रिकामटेकडा म्हटलं. पक्की नोकरी सोडून बेकरी काढायला निघाले होते. लेक उठून उभी राहिली. "आई, माझ्या घरात माझ्या नवऱ्याशी असं बोलायचं नाही." मी पिशवी उचलली. जावई गाडीची किल्ली घेऊन मागे आले. मी म्हटलं, "तुमची गाडी नको. आता येईन ती माझ्या पायांनी." लेक दारातून म्हणाली, "ये. वाट बघते."

कोणत्या सुरात म्हणाली, ते अजून कळलेलं नाही.

तेव्हापासून रविवारी फोन. बरी आहेस? बरी आहे. चार मिनिटं. आत्याशी मात्र रोज तासभर! हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, वन्सं आणि मी, त्यामुळे अर्धं बोलणं मला ऐकू येतंच. बेकरी चांगली चालते म्हणे. इतकी, की आता मोठ्या शहरात दुसरी काढताहेत आणि बिऱ्हाड तिकडेच. सहाशे किलोमीटर. बारा मार्चला ट्रक येणार.

सध्याचं घर ब्याऐंशी किलोमीटर, मध्ये घाट. माझ्या जुन्या लोखंडी सायकलवर चढाच्या निम्म्यावर उतरावं लागलं, दोनदा. म्हणून हलकी हवी. नावाजलेल्या कंपनीची कार्बन फायबरची घ्यायला माझं पेन्शन पुरत नाही, म्हणून बिनछापाची फ्रेम आणि बाकी सगळं स्वतः जोडायचं.

आठ मार्च, रविवार. सकाळी सहाला निघायचं. लेकीला कळवायचं नाही. वन्संना बजावलं आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

सायकलवाल्याकडे तीन तास. हा माझाच विद्यार्थी. आता चाळिशीचा, टक्कल पडलंय, तरी मला पाहिलं की हातातला पाना जागेवर ठेवतो. फ्रेम उलटीसुलटी करून म्हणाला, "बाई, मी ही कुणा गिऱ्हाइकाला जोडून दिली नसती. कुणी बनवली ठाऊक नाही, आत काय आहे ठाऊक नाही."

"तू जोडायची नाहीसच. मी जोडणार आहे. तू मला भाग दे."

त्याच्या मागच्या खोलीत खजिना आहे! एका मोडीत काढलेल्या रेसिंग सायकलचे गिअर, क्रँक, ब्रेक... दात तपासले, झीज नगण्य. चाकं नवी घेतली. तिथे काटकसर नाही.

निघताना एक पुडी दिली. "सीटचा दांडा बसवताना ग्रीस नको, बाई. कार्बनच्या नळीत कार्बनचाच दांडा आहे, ग्रीसने सरकतो. ही पेस्ट लावा, हिच्यात कणी असते, ती धरून ठेवते. आणि बोल्ट फार आवळायचा नाही. किती जोर लागला ते दाखवणारा मापाचा पाना देऊ का?"

"पाना कसा धरायचा ते मी तुला शिकवलंय."

"हो ना. नापास करून शिकवलंत."

८ फेब्रुवारी, रविवार

लोखंडी सायकलवर तीस किलोमीटर. मांड्या ठणकताहेत. छान वाटतंय. चार मिनिटांचा फोन. "आई, धाप लागलीये का तुला?" म्हटलं, "जिना चढले."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पेडलच्या दांड्याचं बेअरिंग बसवलं! त्याचं खास यंत्र असतं म्हणे. एक लांब बोल्ट, दोन नट, चार वॉशर — झालं यंत्र. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं आवळत नेलं, शेवटी असं काही सरळ बसलं की बोटाने फिरवलं तर आवाज नाही. नुसतं फिरत राहिलं. मी मोजत बसले. सत्तावीस फेरे.

वन्संना बोलावून दाखवलं. "फिरतंय," म्हणाल्या. "पंखाही फिरतो."

१५ फेब्रुवारी, रविवार

केबल! या फ्रेमला केबल बाहेरून नाहीत, नळीच्या पोटातून जातात. एका भोकातून घालायची आणि हातभर लांब दुसऱ्या भोकातून काढायची. दीड तास खुपसाखुपशी. तार आत गेली की गेलीच. मी तोंडाने काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही.

वन्सं सोफ्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "शिवणाचा दोरा घाल आणि दुसरीकडून ओढ ना."

"ओढू कशाने? श्वासाने?"

"व्हॅक्यूम क्लीनर कशाला घेतलाय?"

मी थांबले. उठले. क्लीनर आणला. एका भोकात दोऱ्याचं टोक, दुसऱ्यावर नळी, बाकीची भोकं वन्संच्या आणि माझ्या बोटांनी बंद. सुरू! सुर्रकन दोरा गायब! अर्धं रीळ पोटात! आम्ही दोघी ओरडलो. दोऱ्याला तार बांधली, ओढली, आली!

चारही केबल वीस मिनिटांत. वन्सं दिवसभर घरात मिरवत होत्या. दुपारी लेकीशी बोलताना म्हणाल्या, "आज मी फार मोठं काम केलं. काय ते विचारू नकोस." मी डोळे वटारले.

१८ फेब्रुवारी, बुधवार

ब्रेक लागले. गिअर लागले, पण चौथ्यावरून पाचव्यावर जाताना कुरकुर. उद्या बघते.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पाव फेरा स्क्रू. कुरकुर बंद. पाव फेरा!

२४ फेब्रुवारी, मंगळवार

शेवटचा भाग, सीट. पुडीतली पेस्ट बोटावर घेऊन पाहिली. चक्क वाळू! नळीत नळी घालायची आणि मध्ये वाळू टाकायची? असं कुणी माझ्या शॉपमध्ये केलं असतं तर दिवसभर बाहेर उभं केलं असतं. पुडी खणात टाकली, दांड्याला पातळसं ग्रीस दिलं. सुळकन गेला. बोल्ट नेहमीच्या किल्लीने आवळला. माझं मनगट हाच मापाचा पाना.

सायकल झाली. झाली!!

वजन करायला ती घेऊन काट्यावर उभी राहिले. वन्संनी आकडा वाचला. "तुझं वजन वजा कर हो, नाहीतर हत्तीची सायकल निघायची." वजा केलं. आठ किलो चारशे. जुनी सतरा होती.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिली फेरी. गल्लीच्या टोकापर्यंत म्हणून निघाले, ती थेट नदीच्या पुलापर्यंत. काय सांगू! पायाने ढकलायचा अवकाश, पुढे पळते. मध्ये काही अडतच नाही. एकसष्टाव्या वर्षी रस्त्यावर मोठ्याने हसले. बसथांब्यावरचे दोघे वळून बघत होते. बघोत.

२८ फेब्रुवारी, शनिवार

चाळीस किलोमीटर, त्यात घाटाचा पहिला टप्पा. उतरले नाही! एकदाही नाही!

सीट मात्र बोटभर खाली सरकली होती, गुडघे जास्त वाकायला लागले तेव्हा लक्षात आलं. वर घेऊन आवळली.

वन्संनी लेकीसाठी काय न्यायचं ते विचारलं. म्हटलं, पाठीवरच्या पिशवीत मावेल ते. "आणि गेल्यावर म्हणणार काय?" म्हटलं, "आले. म्हणाले होते, तशी आले." वन्सं म्हणाल्या, "बस? एवढंच?" एवढंच. अजून काय म्हणायचं असतं?

१ मार्च, रविवार

पन्नास. सीट पुन्हा सरकली. आणखी आवळली. फोन. सामान बांधायला सुरुवात केलीय म्हणाली. चार मिनिटांची सहा झाली आज.

३ मार्च, मंगळवार

सकाळी निघताना पुन्हा सरकली. चिडले. किल्लीवर पाइपचा तुकडा चढवला, लांब दांड्याने जोर जास्त लागतो, आणि एकदाच कायमचा बंदोबस्त करायचा म्हणून दाबली.

टक्.

लहानसा आवाज. बोट मोडल्यासारखा.

सीटच्या खाली नळीवर केसासारखी रेघ. नखाने चाचपली. नख अडकलं. दोन बोटं लांब.

वन्सं आतून, "काय पडलं गं?"

काही नाही म्हटलं.

४ मार्च, बुधवार

सायकलवाल्याने चष्मा कपाळावर चढवून रेघ पाहिली. खूप वेळ. मग म्हणाला, "यावर बसायचं नाही, बाई. दुरुस्त करणारा एक माणूस आहे, पण महिना घेतो."

महिन्याने कुणाकडे जायचं?

त्याने दांडा बाहेर ओढला. चकचकीत, ग्रीसने माखलेला. तो दांड्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. फडक्याने पुसला. मग, "बिनछापाची फ्रेम, बाई. असंच व्हायचं. तुमचा काय दोष?"

घरी वन्संही तेच. "नाव ना गाव! फसवलं मेल्यांनी. चांगली खरमरीत तक्रार ठोक."

ठोकली. दोन पानं. नळीची जाडी कमी, माल निकृष्ट, जिवाशी खेळ वगैरे वगैरे. लिहिताना बरं वाटलं. उद्या पाठवते.

५ मार्च, गुरुवार

पाठवण्यापूर्वी पुरावा हवा. शॉपमध्ये कुणाचा जॉब, म्हणजे करायला दिलेला भाग, मोडला आणि पोरगं "लोखंडच खराब होतं, बाई" म्हणालं, की मी तो जॉब सगळ्यांदेखत कापायला लावायची. आतला भाग खोटं बोलत नाही.

अंगणात वाइस लावला, त्याच्या जबड्यात नळी पकडली. बारीक पात्याची करवत, नाकाला फडकं. वन्सं किंचाळल्या, "अगं, कापतेस काय! एवढं मेलं दोन महिन्यांचं..." एकच महिना. कापली. नळीची वरची चार बोटं वेगळी झाली.

व्हर्निअर लावला. आठ ठिकाणी मोजली. आठही ठिकाणी जाडी सारखी. भिंग लावलं. थरावर थर, एकसारखे. कुठे पोकळी नाही, सुरकुती नाही. ज्या कुणी हे बनवलं त्याचा हात उत्तम आहे. मी त्याला पहिल्या वर्गात पास केला असता.

आत सगळीकडे ग्रीस.

६ मार्च, शुक्रवार

तक्रार फाडली.

संध्याकाळी वन्सं म्हणाल्या, "मी तिला सांगून टाकलंय. सायकलचं. फ्रेम वाईट निघाली म्हणून. रागाव हवं तर."

रागावले नाही. बसचं वेळापत्रक पाहिलं.

७ मार्च, शनिवार

सकाळच्या बसने आले. लेकीने दार उघडलं. हातात चिकटपट्टी, मागे खोकीच खोकी. म्हणाली, "आत्या म्हणाली, फ्रेम वाईट निघाली."

म्हटलं, "फ्रेम चांगली होती. मी मोडली."

मी उंबऱ्यातच.

"आणि त्या दिवशी टेबलावर," म्हटलं, "तेही मीच."

चिकटपट्टी खाली ठेवली तिने. आत वळून हाक मारली, "अहो, बाहेर या. आई आलीये."