नऊ गाण्यांतला गप्प माणूस

वर्धा
९ फेब्रुवारी २०२५

चि. निकितास,
सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि. मी इथे तुझ्या मालन आत्याकडे बरा आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मोबाईलवर चार ओळी वाचल्या की पाणी गळतं, आणि कानांचं तुला ठाऊकच आहे. म्हणून हे टपाल.

बुद्धभूषणने त्याच्या बँडची तबकडी पाठवली. पाकिटावर माझा फोटो! कारखान्याच्या गेटपासवरचा, केस काळे असतानाचा. तबकडीचं नाव ‘शून्य डेसिबल’. आत त्याची चिठ्ठी होती की बाबा, ही नऊ गाणी म्हणजे तुमची एक पाळी, लोखंड घडवणाऱ्या हॅमरवरचे तुमचे आठ तास. मी सगळ्या गल्लीला दाखवून आलो. वाजवायला इथे कुणाकडे यंत्र नाही, आणि असतं तरी मला काय कळणार? आत्या म्हणते, पोराने बापाचं नाव काढलं.

तू तिकडे गाण्यांवरच लिहितेस. तेव्हा या नऊ गाण्यांत काय काय आहे ते मला लिहून कळव. भावाचं आहे म्हणून साखर घालू नकोस. आणि दुपारचं जेवण चहा-बिस्किटांवर भागवतेस असं कळलं, ते आधी बंद कर.

उत्तराकडे डोळे लावून बसलेले,
तुझे बाबा
हिंमतराव


सदाशिव पेठ, पुणे
१५ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम. पत्र बुधवारी मिळालं. उत्तराला तीन दिवस लावले, कारण अल्बम चार वेळा ऐकला. दर वेळी वाटलं, पुढच्या खेपेला आवडेल.

पहिलं गाणं खरंच चांगलं आहे. भूषणने एका शेडमध्ये जाऊन खरा हॅमर रेकॉर्ड केलाय. त्याच्या ठोक्यावर एकच गिटार हळूहळू चढत जाते, अंगावर काटा येतो. मग दुसऱ्या गाण्यात तेच. तिसऱ्यातही तेच. चौथ्यात कुणीतरी भोंग्यातून ‘घाम, घाम’ असं बावीस वेळा म्हणतं. शेवटचं गाणं बारा मिनिटांचं, त्यात नुसती एक बारीक शिट्टी. म्हणजे तुमचे कान गेले. बाबा, नऊ गाणी हा माणूस वाकतो, घामाने भिजतो, बहिरा होतो. तोंड मात्र एकदाही उघडत नाही. मला तो ओळखूच आला नाही.

आता माझी अडचण. मी ज्या वेब-मासिकात लिहिते, तिथल्या संपादक नम्रताताईंनी नेमकं याच अल्बमचं परीक्षण मागितलंय. मी सांगितलं की तो माझा सख्खा भाऊ आहे. त्या म्हणाल्या, मग पहिल्याच ओळीत तसं लिही, नाहीतर दुसऱ्या कुणाला देते. फक्त तो दुसरा कुणी अल्बम चार वेळा ऐकणार नाही. भूषणने यासाठी नोकरी सोडून दोन वर्षं घातली आहेत. गोड लिहिलं तर त्याला लगेच कळेल, आणि खरं लिहिलं तर लागेल. परवा द्यायचंय. मी खरं लिहिणार आहे. चुकत असेन तर रागवा.

जेवते हो वेळेवर. आत्याला नमस्कार सांगा.
तुमची,
निकिता


वर्धा
२० फेब्रुवारी २०२५

चि. निकितास,
जयभीम व आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. रागावलो नाही. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती मी फार वर्षं ठेवून दिली.

त्या आठ तासांत आम्ही गप्प कधीच नव्हतो. दोन ठोक्यांच्या मध्ये जेवढी फट मिळायची, तेवढ्यात मी एक ओळ गायचो. शेजारच्या मशीनवरचा रंगनाथ माझे ओठ बघून पुढची ओळ उचलायचा. जयंतीच्या मिरवणुकीतली आमच्या मंडळाची निम्मी गाणी त्या शेडमध्ये जुळली. तुला माहीत आहे, तू पाच वर्षांची असल्यापासून कोरसमध्ये असायचीस.

भूषणला हे माहीत नाही. तो चार वर्षांचा होता, तू चौदाची, तेव्हा माझं ऐकणं गेलं. त्या वर्षी मिरवणुकीत माझा सूर सुटला. मला कळलं ते पुढच्या पोरांच्या हसण्यावरून. घरी येऊन पेटी रंगनाथला देऊन टाकली आणि पुन्हा कधी गायलो नाही. तुझी आई ललिता जाईपर्यंत म्हणत राहिली की धाकट्याला एक तरी ऐकवा. मी ऐकवलं नाही. बोलणंसुद्धा कामापुरतंच ठेवलं. त्याने घरात जो गप्प माणूस पाहिला, तोच वाजवला.

तेव्हा दोष लावताना त्याचा किती आणि माझा किती, ते बघून लिही. छापून गेलं असेल तर हे पत्र त्याला नेऊन दे.

तुम्हा दोघांचा,
बाबा


सदाशिव पेठ, पुणे
२६ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम. तुमचं पत्र सोमवारी आलं. परीक्षण त्याआधीच, बुधवारी छापून गेलं होतं. त्याची शेवटची ओळ अशी: ‘हा माणूस नऊ गाण्यांत एकदाही बोलत नाही, कारण बँडने त्याला काही विचारलेलंच नाही.’ लिहिताना मला ती फार आवडली होती. लोकांनाही आवडली. दोन दिवस ती ओळच फिरत होती, अल्बम कुणी ऐकला की नाही कोण जाणे.

शनिवारी भूषणच्या बँडचा कार्यक्रम झाला. मी मागे उभी होते. नव्वद खुर्च्या आणि वीस माणसं. भूषणने मला पाहिलं आणि पुढचं सगळं भिंतीकडे तोंड करून वाजवलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा ड्रमर राकेश बँड सोडून गेला, जाताना ग्रुपवर माझीच ओळ टाकून.

तुमचं पत्र घेऊन मी शनिवार पेठेत त्याच्या खोलीवर गेले. त्याने ते दारातच उभं राहून वाचलं. मग विचारलं की बाबा गायचे हे तुला माहीत होतं का. मी हो म्हणाले. वीस वर्षांत मला का सांगितलं नाहीस, असं त्याने विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं की तू कधी विचारलं नाहीस. त्याने दार लावून घेतलं. फोन उचलत नाही.

बाबा, अल्बमबद्दल मी लिहिलं ते अजूनही खरंच वाटतं. पण तुमचं गाणं माझ्याकडे होतं आणि मी ते एकटीनेच ठेवून घेतलं, ही ओळ त्या परीक्षणात नाही. आता काय करू, कळत नाही.

तुमची,
निकिता


शनिवार पेठ, पुणे
११ मार्च २०२५

निकिताताई,
जयभीम. फोनवर बोललो तर भांडण होईल, म्हणून हे दाराखालून सरकवतोय.

शुक्रवारी बाबा न कळवता आले. तीन जिने चढून दारात बसले, दम खाल्ला, आणि म्हणाले की माईक लाव. मग मंडळाचं एक जुनं गाणं गायले. ताई, सूर कुठल्या कुठे जात होता. त्यांना स्वतःचं काहीच ऐकू येत नाही ना. पहिलं कडवं झाल्यावर माझ्याकडे बघितलं. मी अंगठा दाखवून छान म्हटलं. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, तुझी बहीण लिहील तसं लिही.

मला फार वेळ लागला. शेवटी लिहिलं: ‘सूर गेलाय. ठोका पक्का आहे.’ त्यांनी वाचलं, मान हलवली, आणि म्हणाले की मग ठोक्यावर धर.

चार दिवस तेच चाललंय. बोटाने टेबलावर ठोकतात, मी त्यावर वाजवतो. मी विचारायचं ते वहीत लिहितो, ते मोठ्याने सांगतात, कधीकधी तासभर. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

अल्बमबद्दल तुझं बरोबर असेल. ते मला आत्ता मान्य करायचं नाही. आणि ती वीस वर्षं माझ्या मनातून जायला वेळ लागेल, हेही सांगून ठेवतो. चौदा वर्षं तू ते गाणं ऐकलंस. मला शिट्टी मिळाली.

पण पहिलं कडवं झालं, तिसरं झालं, दुसरं बाबांना आठवत नाही. रंगनाथकाका मागच्या वर्षी गेले. बाबा म्हणतात, ते आता फक्त निकिताला येत असेल. ते शनिवारी परत जाणार आहेत. त्याआधी ये आणि दुसरं कडवं म्हण. सूर कसाही लागू दे.

तुझा भाऊ,
भूषण