सिताराम मढवी म्हणून परतलेला इसम

प्रति,
मा. पोलीस उपअधीक्षक साहेब,
विभागीय कार्यालय, नवी मुंबई

अर्जदार: श्रीमती बयाबाई सिताराम मढवी, कोपरखैरणे गाव
(अर्जदारास लिहिता येत नसल्याने अर्ज गावच्या शाळेतील शिक्षिका सौ. सरोजिनी टिपणीस यांनी लिहिला आहे.)

विषय: परदेशातून परतलेल्या इसमाची चौकशी होऊन अर्जदारास संरक्षण मिळणेबाबत.
संदर्भ: चौकीवर केलेली तोंडी तक्रार.

महोदय,

सविनय सादर की, अर्जदाराचे पती सिताराम हे सन १९७३ मध्ये इराणातील आबादान बंदरात बोटीवर खलाशी म्हणून गेले. गेल्या वर्षी तेथे युद्ध पेटले आणि त्यांची पत्रे थांबली. दिवाळीनंतर, तेथून सुटून आलेल्या भारतीयांबरोबर एक इसम मुंबईस उतरला व सिताराम यांचा पासपोर्ट घेऊन गावी आला. पासपोर्टावरील फोटो खाऱ्या पाण्याने धुऊन गेला आहे. इसमाचा अर्धा चेहरा भाजलेला आहे. सासूबाई मुक्ताबाई यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला व "आला माजा पोर" म्हणून त्यास पोटाशी धरले. गावात पेढे वाटले गेले.

अर्जदारास मात्र तो उंबऱ्यात उभा राहिला तेव्हाच कळले की, हे सिताराम नव्हेत. त्यास बैलांची नावे, लग्नातले रुसवेफुगवे, सारे ठाऊक आहे. हे सिताराम यांनी सांगितल्याखेरीज कोणास कळणे शक्य नाही. परंतु सिताराम घरात बायकोला कोणत्या नावाने हाक मारीत, ते त्यास ठाऊक नाही. ते त्यांनी कोणास सांगितले नसावे.

सिताराम गेल्यावर जन्मलेली मुलगी पुतळा चौथ्या वर्षी तापाने गेली. तिचा झगा अर्जदाराने त्याच्यापुढे ठेवला. शेजारी होते तोवर तो रडला. शेजारी गेल्यावर त्याने झगा नीट घडी घालून परत दिला व ताट वाढण्यास सांगितले.

माघ महिन्यात तो तापाने फणफणला असता त्याच्या तोंडून शब्द निघाले, "सिताराम, हात सोड. दोघेही बुडू." अर्जदार उशाशी बसली होती. तिने दुसऱ्या दिवशी चौकी गाठली.

तेथील हवालदार म्हणाले, "बाई, तापात माणूस स्वतःचंही नाव घेतो. भारताचा नागरिक, भारताचा पासपोर्ट, आपल्या देशात परत आला. यात गुन्हा काय?"

अर्जदार म्हणाली, "साहेब, पासपोर्ट माज्या मानसाचा हाय. मानूस माजा नाय."

हवालदारांनी त्याच इसमास बोलावून तिला त्याच्या हवाली केले. त्याने हात जोडून आभार मानले. वाटेत त्याने अर्जदाराचे मनगट धरले होते. "पुन्हा इथे येऊ नकोस," एवढेच तो बोलला, तेही हळू आवाजात.

त्याने अर्जदारावर कधी हात उगारलेला नाही. त्यास काय हवे आहे, तेही उमगत नाही, कारण जमीन तर नव्या शहरासाठी केव्हाच गेली. त्यास बहुधा एक नाव व एक घर हवे होते. आता तो गावात सांगतो की, विरहाने बायकोचे डोके फिरले. बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या आहेत. द्रोणागिरीच्या पायथ्याशी कोणी देवऋषी आहे, त्याच्याकडे तिला होडीने नेणार, असे तो म्हणतो. त्याच्याबरोबर पाण्यावर जाण्याची अर्जदारास भीती वाटते.

तरी त्यास तुरुंगात टाकावे असे अर्जदाराचे म्हणणे नाही. सिताराम यांचे काय झाले, हे त्यास विचारावे, आणि विचारल्यावर अर्जदारास पुन्हा त्याच्याबरोबर घरी धाडू नये, ही कळकळीची विनंती.

ता. क. वरील मजकूर काल लिहून झाला. आज सकाळी अर्जदाराचा अंगठा घेण्यास मी, अर्ज लिहिणारी, गेले असता घरी मुक्ताबाई एकट्याच होत्या. "भरतीला दोगं होरीनं गेली," असे त्या म्हणाल्या. सायंकाळी इसम एकटाच परतला. बयाबाई देवऋषीकडे राहिली, असे तो सांगतो. देवऋषीचे नाव विचारता ते त्यास सांगता आले नाही.

थोड्या वेळापूर्वी तो माझ्या दारी येऊन गेला. "बाई, तुम्ही काही लिहीत होतात म्हणे," असे म्हणाला, आणि तो कागद मागितला. फाडला, असे मी सांगितले. त्याने मान डोलावली. तो अद्याप समोरच्या पारावर बसून आहे.

अर्जदाराच्या वतीने, आपल्या पोलिसांची आजच वाट पाहणारी,
सौ. सरोजिनी श्यामसुंदर टिपणीस
कोपरखैरणे, दि. १७ एप्रिल १९८१

अर्जदाराच्या डाव्या अंगठ्याची निशाणी: घेता आली नाही.