बाबांच्या गाडीचे तेजोवर्धन

रविवार, २ मार्च

सूर्याविरुद्ध तक्रार नोंदवण्याची सोय कुठल्याही कार्यालयात नाही, म्हणून ती इथे नोंदवतो. आज सकाळी बाबांची गाडी अंगणात उभी असताना ऊन नेमके बॉनेटवर पडले आणि त्या गडद निळ्या रंगावर कोळ्याने जाळे विणावे तशा बारीक गोल रेघा उमटल्या. काल नव्हत्या. निदान सावलीत नव्हत्या. एवढ्या मोठ्या ताऱ्याला दुसरा उद्योग नसावा, हे खेदजनक आहे.

शिवाय डाव्या बाजूला फाटकाच्या खांबाचा लांब ओरखडा, मागच्या बंपरला एक, आरशाखाली एक. बाबांचे म्हणणे, लोक गाड्या कशाही लावतात, लोकांना डोळेच नाहीत. बाबा ऐंशीला टेकले आहेत आणि अजून रोज वाचनालयात स्वतः गाडी घेऊन जातात.

ही (म्हणजे माझी पत्नी, दुसरी कोण असणार) म्हणाली, ओरखडे काय मोजताय, डोळ्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय ते बाबांना सांगा आधी. डॉक्टरांनी मला आत थांबवून सांगितले होते की ह्यापुढे बाबांनी गाडी चालवू नये. बाबा तेव्हा बाहेर रिसेप्शनवरच्या मुलीशी नंबर लावण्याच्या पद्धतीवरून वाद घालत होते, त्यामुळे निरोप माझ्यापाशीच राहिला. तो मी यथावकाश देणारच आहे. पण वाईट बातमी ओरबाडलेल्या गाडीशेजारी देऊ नये. आधी तेज, मग बातमी. क्रमाला महत्त्व आहे.

संकल्प: मशीन पॉलिश. स्वहस्ते. आयुष्यभर लोकांची प्रुफे तपासली. दोष काढणे मला कुणी शिकवायला नको.

मंगळवार, ४ मार्च

मेव्हण्याकडून मशीन आणले. त्याच्याकडे दोन आहेत. एक नवशिक्यांचे, ते फिरता फिरता डुगडुगते, म्हणून रंगाला धोका कमी. दुसरे रोटरी, नुसते एकाच जागी गरगर फिरणारे, गॅरेजवाले वापरतात ते. मेव्हणा म्हणाला, भाऊजी, तुम्ही आपलं पहिलं न्या. मी दुसरे आणले. ज्याने कोवळ्या वयात सगळी शब्दरूपे पाठ केली त्याला नवशिका म्हणणे मला पटत नाही.

निघताना त्याने फाटकापर्यंत येऊन उपदेश केला. गाडी आधी नीट धुवा. काळ्या प्लास्टिकला टेप लावा. पॅड रंगावर टेकवल्याशिवाय बटण दाबू नका. एका जागी थांबू नका. आणि दाराला मध्ये जी उठावाची रेघ असते ना, तिथे तर मुळीच नको, तिथे रंग पातळ असतो. मी म्हणालो, नोंद घेतली.

बाबांनी मशीन हातात घेऊन पाहिले. म्हणाले, पूर्वी आम्ही हे सगळं जुन्या बनियनने करायचो. मी म्हणालो, काळ बदलला. ते म्हणाले, काळ बदलला असेल, बनियन तेच आहे.

गुरुवार, ६ मार्च

व्हिडिओ पाहिला. फारच सोपे. त्यातला माणूस एका हाताने मशीन धरतो आणि दुसऱ्या हाताने समजावतो.

हिने विचारले, सांगितलंत का? मी विचारले, कोणाला? ती स्वयंपाकघरात गेली. नंतर बराच वेळ भांडी मोठ्याने लागत होती.

शनिवार, ८ मार्च

शुभारंभ.

गाडी धुतली नाही, ओल्या फडक्याने पुसली. टेप घरात होती, पण तिचे टोक सापडेना. पॅडवर कंपाउंड, म्हणजे रंग घासायचे मलम, घेतले. पांढरे, दाट, टूथपेस्टसारखे. किती घ्यावे ह्याबद्दल मतभेद आहेत. मी अधिकस्याधिकं फलम् ह्या मताचा आहे. बटण हवेतच दाबले, कारण आधी आवाजाचा अंदाज घ्यावासा वाटला.

कंपाउंड सर्व दिशांना समान वाटले गेले. मी, काचा, कुंड्या, भिंत. समोरच्या काकूंची दोरीवरची जांभळी चादर कुंपणापलीकडे असूनही वंचित राहिली नाही. काळ्या प्लास्टिकवर बसलेले वाळून पांढरे झाले ते निघत नाही. नखाने निघते, पण नख तेवढे नाही.

बाबा व्हरांड्यात खुर्ची टाकून सूचना देत होते. मध्येच मला दटावून म्हणाले, अरे, काकू मघापासून ताटकळल्यात तिथे, बंद कर ते आणि विचार काय हवंय. काकू तिथे नव्हत्या. चादर होती. मी मशीन बंद करून चादरीकडे पाहून मान लववली. पितृवचन मोडणे बरे नव्हे. शिवाय जांभळा रंग काकूंना आवडतोच, तेव्हा चूक अगदी निराधार म्हणता येत नाही.

खऱ्या काकू संध्याकाळी चादर घेऊन आल्या. म्हणाल्या, ही तुमची कला का? हिने चादर धुवायला ठेवून घेतली.

बॉनेट आणि डावे दार मात्र लखलखीत. सावलीत तर डोळे दिपतात.

रविवार, ९ मार्च

ऊन आले. बारीक जाळी गेली हे खरे. तिच्या जागी आता मोठी वर्तुळे आहेत. गाडी वळवली की तीही वळतात, पाण्यावर तेल तरंगावे तशी. मेव्हण्याला फोटो पाठवला. त्याने फोन करून विचारले, धुतली होती का? मी विषय बदलला. तो म्हणाला, भाऊजी, धूळ रगडलीत तुम्ही तिच्यात. निष्कर्ष: गाडी ह्यापुढे सावलीत पाहावी.

दुपारी बाबा वाचनालयात गेले. परतले तेव्हा डाव्या दारावर, मी काल चकाकवलेल्या भागात, हिरवा पट्टा. कोपऱ्यावरच्या कचरापेटीचा रंग. बाबा अतिशय चिडले होते. म्हणाले, पेटी रस्त्यात आणून ठेवतात, नगरपालिकेला पत्र लिहितो. मी जाऊन पाहिली. पेटी नेहमीच्याच जागी आहे. काँक्रीटमध्ये बसवलेली आहे.

ही म्हणाली, आज पेटी होती. उद्या शाळेतून येणारं पोर असेल. मग कशाने पुसणार आहात?

मी तिला सांगितले की दुसऱ्या वस्तूचा लागलेला रंग कंपाउंडने चटकन निघतो.

ती त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही. चहा मिळतो.

बुधवार, १२ मार्च

आज सांगायचे ठरवून बाबांच्या खोलीत गेलो. ते खिडकीशी भिंगातून पेपर वाचत होते. भिंग असे धरले होते की त्यात एका वेळी एक अक्षर यावे. म्हणालो, बाबा, गाडीविषयी जरा बोलायचं होतं. ते म्हणाले, बोल की.

मी विचारले, रंग कसा वाटतोय?

मग निळ्याच्या छटा, हल्लीच्या रंगांची अवनती, मेव्हण्याचे अज्ञान, आणि मी लहानपणापासून कामात घाई कशी करतो, ह्यावर जेवणापर्यंत ऐकले. त्यांच्याशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेले नाही. बँकेचा मॅनेजर त्यांना पाहून मागच्या दाराने जात असे.

प्रस्तावना झाली असे समजायला हरकत नाही.

हिने जेवताना मौन सोडले. म्हणाली, मी सांगू का? मी म्हणालो, वडील माझे आहेत. ती म्हणाली, तेच तर म्हणतेय मी.

शनिवारी हिरवा पट्टा काढतो. रविवारी, झळाळत्या दारासमोर, सांगून टाकतो. हे नक्की.

शनिवार, १५ मार्च

ह्या वेळी धुतली. टेपही लावली. माणूस अनुभवाने शहाणा होतो, हे मान्य करायला हवे.

हिरवा पट्टा नेमका दाराच्या उठावाच्या रेघेवर. वरवर फिरवून जाईना, म्हणून मशीन तिथेच टेकवून जोर दिला. सातत्याने दगडही झिजतो. थोड्या वेळाने पांढरा पॅड निळा होऊ लागला. मला आनंद झाला, की इतक्या वर्षांचा मळ बाहेर पडतो आहे. मळ गडद निळा कसा, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. मग इस्त्रीखाली काही राहिल्यासारखा वास आला. दाराला हात लावला तर चटका बसला.

मशीन उचलले. हिरवा पट्टा गेला होता. त्याच्याबरोबर निळाही गेला होता. तळहाताएवढा करडा-पांढरा डाग, भोवती फिकट होत गेलेली कड. खाडाखोड करता करता कागदच फाटावा तसे.

मेव्हण्याला फोन केला. तो म्हणाला, ते रंगाखालचं अस्तर आहे भाऊजी, आता दार रंगवावं लागेल, पॉलिशने रंग परत येत नाही. आणि मशीन आणून द्या, प्लीज.

ही बाहेर आली, डाग पाहिला, आणि आत गेली. टोमणासुद्धा नाही. हे मला डागापेक्षा गंभीर वाटले.

उद्यासाठी बाबांना द्यायचे खुलासे तयार केले. एक, रंगच मुळात हलक्या प्रतीचा. दोन, मेव्हण्याचे मशीन सदोष. तीन, क्षमायाचना, ही शेवटचा उपाय म्हणून.

रविवार, १६ मार्च

ऊन स्वच्छ होते. बाबा चष्मा पुसून बाहेर आले. मी डाव्या दारापाशी उभा राहिलो. खुलासे ओठांवर होते. डाग उन्हात फाटकातूनही दिसत होता. पलीकडून जाणारा सायकलवाला वळून बघून गेला.

बाबा वाकले. नाक काचेला लागेल इतके जवळ आले. मग दारावरून तळहात फिरवला, पुढून मागे, सावकाश. हात डागावरून गेला. डागही गुळगुळीत होता. पॉलिश तर झालेच होते.

म्हणाले, वा! आरसा केलास रे. उगाच बोललो मी तुला.

मी म्हणालो, बाबा, इथे जरा बघा. बोट डागावर ठेवून दाखवले. ते म्हणाले, बघितलं की, तिथला तो हिरवा पट्टा पार गेला. आण चावी, वाचनालयात सगळ्यांना दाखवून येतो.

खिडकीत ही उभी होती. माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, बॅटरी उतरली आहे. बाबांनी लगेच विश्वास ठेवला. एवढ्यातेवढ्यावरून उलटतपासणी घेणारा माणूस, त्याने विचारलेसुद्धा नाही की काल चालू होती ती आज कशी उतरली. माझ्या खांद्यावर हात ठेवून, पायरी चाचपत, ते आत गेले.

चावी माझ्या खिशात आहे. बाबांना दिसत नाही, आणि ते त्यांना मीच सांगायचे आहे. उद्या सांगणार. इथे लिहिल्यावर पळवाट उरत नाही.

मला त्यांच्या रागाची भीती वाटत नाही. ओरडले तर बरेच होईल, मी ऐकून घेईन. मला भीती ही वाटते की मी सांगेन आणि ते वाद घालणार नाहीत. नुसते 'बरं' म्हणतील.