मिठाच्या खड्ड्यातला जोड

अण्णा,

१. गेल्या बुधवारी आपल्या गावच्या पिठाच्या गिरणीत गिरणीवाल्या मावशींना शॉक बसला. त्या वाचल्या. उजव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत.
२. शुक्रवारी मी वीज खात्याच्या तपासणीसाठी गिरणीमागचा, यंत्रातली गळती वीज जमिनीत उतरवणारा अर्थिंगचा खड्डा उकरला. पाइप शाबूत होता. पाइपाला तार धरून ठेवणारा बोल्ट गंजून संपला होता, तार सुटून मातीत पडली होती.
३. शनिवारी शाळेतला खड्डा उकरला. तो गिरणीच्या दोन वर्षं आधीचा. तिथला जोड शाबूत होता.
४. दोन्ही खड्डे तुम्ही केलेले.

खंडेनवमीला गिरणीची पूजा झाली की खड्ड्यात दोन ओंजळी मीठ आणि घागरभर पाणी टाकायचं, हे तुम्हीच मावशींना सांगून ठेवलं होतं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, त्यांनी एकदाही चुकवलं नाही. मी खड्ड्यात उतरले तेव्हा त्या काठावर बसून होत्या, हात पदरात. म्हणाल्या, "औंदा मीठ कमी पडलं का गं माझं? तुझे अण्णा असते तर बोलले असते. म्हणायचे, वैनी, आमटीत घालताय व्हय, टाका की मोकळ्या हातानं." मी म्हटलं, "कमी नाही पडलं, मावशी." आणि सुटलेली तार पुसायला घेतली. मिठामुळे जमिनीत वीज सहज उतरते, हे खरं आहे. त्याच मिठानं उघडा जोड खाल्ला, हेही खरं आहे. तांब्याची तार आणि लोखंडी बोल्ट ओल्या मिठात एकत्र राहिले की लोखंड जातं.

शाळेचा खड्डा केला तेव्हा मी पाचवीत होते. तुम्ही पान्यानं बोल्ट आवळताय, मी काठावर बसलेय. तुम्ही हात धुवायला हापशावर जाता, तेवढ्यात मी पिशवीतली सायकलच्या ट्यूबची पट्टी काढून जोडाला घट्ट गुंडाळते. परत येऊन तुम्ही बघता. "हे काय, बोट कापल्यागत फडकं बांधलंस?" मी म्हणते, विहिरीतल्या मोटारीच्या जोडाला तुम्ही ट्यूबच बांधता. "ते पाण्यात असतंय. हितं तारंला माती लागाय पाहिजे, न्हायतर वीज जाणार कुठं? सोड ते, आन् माती लोट." तुम्ही हेडमास्तरांकडे चहाला जाता. परत येता तेव्हा खड्डा भरलेला असतो. "सोडलं का?" "सोडलं."

तुमचं चुकलं होतं. मातीला भेटायचं काम पाइपाचं, जोडानं फक्त टिकायचं असतं. हे मला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी कळलं, तेव्हा सांगायला तुम्ही नव्हता.

शनिवारी त्या जोडावर ट्यूब होती, माझ्या दप्तराच्या बंदाला असायची तशी दुहेरी गाठ. तिच्यावर बोटभर जाड डांबर, गाठीच्या फटीत नीट दाबून बसवलेलं. माझ्याकडे डांबर नव्हतं. म्हणजे तुम्ही तो खड्डा पुन्हा उकरला, गाठ बघितली, सोडली नाही, वरून डांबर दिलं आणि माती लोटली. घरी येऊन एक शब्द बोलला नाहीत.

कधी, ते मला काढता येत नाही. डांबरावरून वर्ष कळत नाही. गिरणीच्या आधी दिलं असेल, तर जोड झाकायचा हे तुम्हाला माहीत होतं आणि मावशींचा तरी उघडा ठेवलात. नंतर दिलं असेल, तर कळल्यावरही गिरणीकडे वळला नाहीत. की तुम्हाला जोडाचं काही कळलंच नव्हतं, आणि पोरीनं बांधलंय म्हणून ते फक्त राखलंत? तिन्ही शक्यता मी कागदावर मांडून बघितल्या. एकही खोडता येत नाही, आणि कुठली खरी निघावी असं मला वाटतं, तेही ठरत नाही.

मुरुम गावाच्या रस्त्यापर्यंतचे तुमचे सगळे खड्डे उकरून जोड घासायचे आणि झाकायचे, असं मी अहवालात लिहिलं आहे. त्यात शंका नाही. एक रकाना राहिला आहे: काम करणाऱ्यास धोक्याची कल्पना होती काय. मंगळवारी तो भरून द्यायचा आहे, आणि आधी मावशींना वाचून दाखवायचा आहे. मीठ कमी पडलं नव्हतं, उलट त्यानंच जोड खाल्ला, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आणि शाळेत मी खोटं बोलले होते. ट्यूब सोडली नव्हती. ते तुम्हाला माहीत होतं, हे मला शनिवारी कळलं.

डांबर आधी की गिरणी आधी, एवढंच सोमवार संध्याकाळपर्यंत कळवा.