पाशामियाँ बसून वाजवत नाहीत

अहमदपूर,
सोमवार, सकाळी

ती. अण्णांना शिवकांताचे शरणु शरणार्थ. वहिनींना नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, ते एकदा नीट बघून ठेवा, कारण डॉक्टर तेच विचारतो आणि तुम्ही दर वेळी "दोन्हीकडून" सांगून मोकळे होता. आम्ही सगळे खुशाल आहोत. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर मी दुसऱ्या वाक्याला पोचायच्या आत तुम्ही "बरं बरं, ठेवतो" म्हणता.

तर झालं असं. मागच्या महिन्यात आमच्या पोरीनं, साक्षीनं (नांदेडला नोकरी लागल्यापासून ती आम्हा दोघांना सुधारायच्या मागं आहे) आम्हाला तिथल्या एका दातांच्या डॉक्टरच्या घरी गाणं ऐकायला नेलं. हॉलमध्ये सतरंजी, तीस माणसं, माईक नाही, आणि गाणारी बाई इतकी जवळ की तिनं घेतलेला श्वास आपल्याला ऐकू यावा. तुम्हाला ठाऊकच आहे, ह्यांची सगळी नोकरी इथल्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर म्हणून भोंग्यातून गाड्या पुकारण्यात गेली. भोंग्याबिगर पण आवाज असतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. परतीच्या गाडीत लोह्यापर्यंत बोटांवर माणसं मोजत होते. मग म्हणाले, आपल्या हॉलात पंचवीस बसतील.

मला वाटलं, दोन दिवसांत उतरेल. न्हाई उतरलं. भिंतीवर नियम लागले: माईक नाही, सत्कार नाही, मोबाईल पिशवीत. कलाकारांना वेळा दिल्या, चार वाजून पाच, चार सत्तावीस, चार बावन्न. (नुसते चार म्हटलं तर ह्यांना ती वेळच वाटत नाही.) कलाकार तीन. उमरीच्या चतुराबाई, इथं लेकीकडं आलेल्या, भारूड म्हणतात. दुसरा सुदर्शन, लातूरला कॉलेजात शिकतो, गिटार घेऊन झरझर बोलल्यासारखं गातो. आणि तिसरे पाशामियाँ, आपले बँडवाले चाचा, माझ्या लग्नात क्लारनेट वाजवणारे. लोकांनी डीजे धरल्यापासून दोन वर्षं त्यांनी क्लारनेटची पेटीच उघडली नव्हती. त्यांची सून हुस्ना माझ्याकडं ब्लाऊज शिवायला टाकते, ती हळूच म्हणाली होती की चाचा क्लारनेट भंगारात द्यायचं म्हणून राहिले. हे पाच वेळा त्यांच्या घरी गेले, तेव्हा कुठं "येतो" म्हणाले.

कालच्या रविवारी पंचवीस जणांना बोलावलं आणि साठ आले. सोफा उचलून रस्त्यावर ठेवावा लागला. त्यावर दोन अनोळखी पाहुणे येऊन बसले आणि खिडकीतून जळकोट गाडी विचारू लागले. ह्यांनी मान न वळवता वेळ सांगितली. आमच्या वॉर्डातून उभं राहायची तयारी करणारे एक भाऊ स्वतःच्या सत्काराची शाल स्वतःच घेऊन आले होते. त्यांना नियमांची पाटी दाखवली. बिचारे तासभर शाल मांडीवर घेऊन बसले.

चतुराबाईंना वीस मिनिटं दिली होती, त्यांनी पाऊण तास घेतला, कारण दर कडव्यानंतर समोर बसलेल्या बाईला "कळलं का?" विचारायच्या आणि ती "हाव" म्हणेपर्यंत पुढं जायच्या नाहीत. मग सुदर्शन. डोळे मिटून ट्यूशन, खोली, मेसचा डबा असलं काहीतरी भरभर म्हणून गेला. म्हातारी मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. पोरगं कानकोंडं झालं. तेवढ्यात चतुराबाई म्हणाल्या, "हे भारूडच हाय की. ह्याला नुसती घाई हाय." त्यांनी त्याला पुन्हा, सावकाश म्हणायला लावलं आणि स्वतः टाळ धरला. मेसच्या डाळीवर सगळा हॉल हसला.

शेवटी पाशामियाँ. खुर्चीवर बसले, क्लारनेट ओठाला लावलं, आणि नुसती फुस्स हवा आली. दुसऱ्यांदा पण तेच. हुस्नानं स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावला. हे घड्याळाकडं बघायचं सोडून जमिनीकडं बघायला लागले. चाचांनी क्लारनेट मांडीवर ठेवलं. म्हणाले, "कंट्रोलरसाब, बसून कधी वाजवलंच न्हाई. पाय चालल्याबिगर बोटं चालत न्हाईत."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग चाला की चाचा."

उठले. लोकांनी गुडघे आवरून वाट दिली. पहिल्या पावलाला सूर लागला, अण्णा. बिदाईची धून होती. हॉलमधून स्वयंपाकघरात, मागच्या दारानं बाहेर, घराला वळसा घालून पुन्हा पुढच्या दारानं आत. सूर भिंतीआड जायचा तेव्हा साठ माणसं दाराकडं बघायची. तीन फेऱ्या झाल्या. (गॅसवरचं उपीट मी विसरले. लागलेलं उपीट नंतर साठ जणांनी खाल्लं आणि एकानंही नाव ठेवलं नाही.) थांबले तेव्हा लोक आणखी पुढं सरकून बसले. चाचा सगळ्यांकडं बघत राहिले आणि म्हणाले, "चाळीस वर्षं वाजवलं. लोक नाचले, भांडले. बसून कुणी ऐकलं नव्हतं." मग आपणहून आणखी चार चिजा वाजवल्या, आणि ह्यांनी एकदाही वेळ पुकारली नाही.

तब्येतीला जपा. पोरांना आशीर्वाद.

तुमची,
शिवकांता

ता. क. आता मुद्द्याचं. तुमच्या शिवशंकरच्या लग्नाला तुम्ही डीजे ठरवलाय, असं वहिनी म्हणाल्या. तो रद्द करून पाशामियाँचा बँड लावता आला तर बघा. ही आपली विनंती.

आणखी एक. विनंती म्हटलं खरं, पण ह्यांनी चाचांना काल जाग्यावरच शब्द दिला. वरात दहा सत्तावीसला निघेल, असंही सांगितलं. चाचांनी बँडचा कोट सैल करायला माझ्याकडं टाकलाय आणि मी तो उसवून बसलेय. डीजेवाल्याला पण ह्यांनी आज सकाळी तुमच्या नावानं फोन केला. त्याचा तुम्हाला फोन येईल, जरा गोड बोला.

शेवटचं. घोडं मात्र तुम्ही बघा, आणि हळू चालणारं बघा. चाचांना आता चालताना दम लागतो, आणि ते कबूल करणार नाहीत.