लडाखात धरलेलं दारं

निरवांगी,
शुक्रवार, दुपार

प्रिय संजू,

अनेक आशीर्वाद. रोज संध्याकाळी फोन करणारा दादा आज कागद घेऊन का बसला, असं तुझ्या मनात येईल. तुझी वहिनीही मघापासून दोनदा डोकावून गेली. सौरभ उद्या पुण्याला जाताना बारामतीत थांबून हे पाकीट तुझ्या हातात देईल. त्याला आत काय आहे ते माहीत नाही. तू एकटी असताना वाच, लेकीला, निकिताला, नंतर दाखवलंस तरी माझी हरकत नाही.

लडाखहून येऊन आठ दिवस झाले, पण शीण काही उतरत नाही. सकाळी रानात जातो, बांधावर बसतो आणि तसाच माघारी येतो. गावात सगळ्यांना वाटतं, उंचावरची हवा बाधली. मी पण हो म्हणतो. बाकी सहल झकास झाली असं सांगायची पद्धत असते, तशी ती झाली. तू दिलेली शेंगदाण्याची चटणी दिल्लीच्या विमानतळावरच संपली, आणि ती मी संपवली नाही, तुझ्या भाच्याने, सौरभने, संपवली.

सोमवारचं माझ्या ध्यानात आहे. इंदापूरच्या कचेरीत सकाळी अकराची वेळ मिळाली आहे. तुझे ओढ्याकडचे दोन एकर तू माझ्या नावावर करून देणार, त्या बक्षीसपत्राचा मसुदा वकिलाने सौरभच्या फोनवर पाठवला. त्यात एक ओळ आहे, 'बंधूंनी वेळोवेळी केलेल्या सांभाळाबद्दल, प्रेमापोटी व स्वखुशीने'. ती मी चार वेळा वाचली. मला त्याच ओळीबद्दल बोलायचं आहे. पण आधी लडाखचं सांगतो, कारण तिथे एक गोष्ट घडली आणि त्यातूनच हे पत्र निघालं.

लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं, असा हुकूम होता. मी म्हटलं, मी काय बाळंतीण आहे का. तर संध्याकाळी चपलेत पाय घालतानाच दम लागला. सौरभ तासातासाला बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र लावायचा आणि आकडा खाली गेला की त्याचा चेहरा पडायचा. मग गाडीत बसून सगळं बघितलं. मठ बघितले, बर्फाची खिंड बघितली, तिथे दहा मिनिटं थांबून फोटो काढले आणि डोकं धरून खाली आलो. एक तळं बघितलं, मैलोन्‌मैल निळंशार. लोक गप्प होऊन बघत होते. मी वाटाड्याला, नामग्यालला, विचारलं की ह्याच्यावर उपसा कुणाचा आहे. तो म्हणाला, पाणी खारट आहे, पिकाला चालत नाही. त्यानंतर मला त्या तळ्यात काही गोडी वाटली नाही. वहिनी म्हणाली, "तुमाला सर्गात नेलं तरी तितं बी तुमी हिरीची खोली इचाराल." बरोबरच आहे तिचं.

शेवटचे तीन दिवस पायी होते, एका गावातून दुसऱ्या गावात. संजू, तो मुलूख कसा सांगू. आपल्याकडचं माळरान उन्हाळ्यातही त्याच्यापुढे हिरवं म्हणावं लागेल. दोन दोन तास चालावं तर गवताची काडी नाही, नुसते दगड, माती आणि डोक्यावर ऊन. अंगात स्वेटर आणि कपाळाला घाम. मग एक चढ संपतो आणि खाली एकदम गाव दिसतं, चार-दोन उंच झाडं, जर्दाळू, सातूची हिरवी रानं. जिथवर पाट गेलाय तिथवरच हिरवं, त्याच्यापुढे एक पाऊलभरही नाही. ते बघून मला पहिल्यांदा बरं वाटलं. हे मला कळत होतं.

दुसऱ्या मुक्कामाच्या गावाचं नाव माझ्या तोंडात धड बसलं नाही. आम्ही डोल्मा नावाच्या बाईच्या घरी उतरलो होतो. तुझ्याच वयाची असेल. नवरा ट्रक चालवतो, वर्षातले आठ महिने घरी नसतो. घरात म्हातारी सासू, आणि रान सगळं हिच्या एकटीच्या अंगावर. तिने मीठ आणि लोणी घातलेला चहा दिला. वहिनीने एक घोट घेऊन कप हळूच माझ्याकडे सरकवला, मग मी दोन्ही प्यालो. डोल्माला हिंदी थोडंच यायचं, पण माझ्या हाताचे घट्टे बघून तिने मी कोण ते ओळखलं आणि मला तिचा वाटाणा दाखवायला नेलं. फुलावर आला होता.

दुसऱ्या दिवशी सौरभ आणि वहिनी नामग्यालबरोबर वरचा मठ बघायला गेले. माझी छाती भरून आली होती, म्हणून मी खालीच राहिलो. एका झाडाखाली बसलो होतो. समोरून पाट वाहत होता, भरलेला, गार. त्याच्या डाव्या अंगाला एक सातूचं रान होतं, भेगाळलेलं, पानं पिवळी पडलेली. आणि पाणी त्याला वळसा घालून खाली कुठेतरी निघून चाललेलं. तुला माहीत आहे, सुकलेलं रान आणि त्याच्या शेजारून वाहतं पाणी आपल्या माणसाला बघवत नाही. मला वाटलं, कुणी दारं मोडायचं, रानाकडे पाणी वळवायचं, विसरलं असेल, पाणी वाया चाललंय. इकडेतिकडे बघितलं, कुणी नव्हतं. मग विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरलो. दगड आणि गवताची ढेपळं लावून पाटाचं त्या रानाकडचं तोंड बंद केलेलं होतं. ती काढली, पाटात आडवी लावली आणि पाणी त्या पिवळ्या सातूत सोडलं. फावडं नव्हतं, हातानेच दारं धरलं. दीड-दोन तास एकेक वाफा भरत गेलो. आठ दिवसांत एवढा दम टिकला नव्हता. उगाच गर्व पण वाटला, की ह्या लोकांना आपण काहीतरी शिकवून चाललो.

मग खालून डोल्मा आली. ती वाटाण्याच्या रानात पाण्याची वाट बघत उभी होती. त्या दिवशी दुपारपर्यंत पाणी तिचं होतं, पुढचा दिवस नऊ दिवसांनी. मी ज्याचं रान भिजवलं त्याचा दिवस चार दिवसांनी होता. तिने माझ्या चिखलाने भरलेल्या पायांकडे बघितलं आणि ती ओरडली नाही. वाकली, दगड उचलले आणि परत जिथले तिथे लावले. मी मध्ये उभा. मदत करायला वाकलो तर तिच्या वाटेतच आलो.

त्या गावात पाण्याची वाटणी बघायला दरवर्षी एक माणूस नेमतात. तो आला, पिवळ्या सातूचा मालक आला, तोवर आपली माणसंही मठावरून उतरली. वहिनीने सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. नामग्याल दुभाषा. मला वाटलं, आता होणार. आपल्याकडे ह्याच्याहून लहान गोष्टीवर फावडी निघालेली मी बघितली आहेत. पण तो मालक म्हणाला, माझं रान भिजलंय, तर चार दिवसांनी येणारा माझा दिवस हिने घ्यावा. चार दिवसांनी फूल गळेल, असं डोल्मा म्हणाली. मग त्या नेमलेल्या माणसाने दुपारनंतर ज्याचं पाणी होतं त्याला बोलावलं, आणि त्याने आपले दोन तास तिला दिले. आवाज कुणाचाच चढला नाही. सगळं होईपर्यंत मी हात जोडून उभा होतो आणि कुणी माझ्याकडे रागाने बघतही नव्हतं, त्याचाच जास्त त्रास झाला.

संध्याकाळी डोल्माने नामग्यालकडून मला विचारलं, तुमच्याकडे पाण्याचे दिवस लावलेले असतात का. मी सांगितलं, असतात. आमची भावाबहिणीची एक विहीर आहे. आठ दिवसांतले सहा माझे आणि दोन बहिणीचे, वडिलांनी घालून दिलंय. तिने विचारलं, आणि त्यावर लक्ष कोण ठेवतं. मी म्हटलं, मीच ठेवतो, मी थोरला आहे. ती हसली आणि काहीतरी म्हणाली. नामग्यालने सांगितलं, ती म्हणते, मग तुमची बहीण निवांत झोपत असेल. मी ताट बाजूला सारलं. वहिनीला वाटलं, उंचीने होतंय.

आता आपल्या उन्हाळ्याचं. तुझी डाळिंबं गेली तो उन्हाळा. कोऱ्हाळ्याच्या सासरहून लहानगी निकिता घेऊन तू परत आलीस, आबांनी तुला ते दोन एकर दिले, आणि ती बाग तू पोरीसारखी वाढवलीस. बाग गेली त्या वर्षी झाडांवर लिंबाएवढी फळं होती. तू निकिताच्या बाळंतपणाला बारामतीत होतीस आणि रोज फोन करून विचारायचीस, दादा, माझ्या दोन दिवसांचं पाणी बागेला दिलं का. मी सांगितलं, विहिरीवरची मोटार जळाली, इंदापूरला दुरुस्तीला टाकली आहे. तीन आठवड्यांनी तू आलीस तेव्हा झाडाखाली फळांचा सडा होता. तू बांधावर बसून म्हणालीस, "माजंच चुकलं दादा, मी नातवात रमले." बाग काढलीस, रान मला वाट्याने दिलंस आणि बारामतीला राहायला गेलीस. त्याच हंगामात माझा ऊस एकरी शंभर टनांच्या वर गेला. गावाने सत्कार केला, आणि तू पेढे घेऊन आली होतीस.

परत येताना विमानात मी वहिनीला एक गोष्ट सांगितली. बारामतीला तुझ्याकडे चहाला थांबलो तेव्हा ती तुझ्याशी हसून बोलली, आणि घरी आल्यावर बॅग ठेवता ठेवता म्हणाली, "वन्सास्नी तुमी सांगताय का मी सांगू?" आठ दिवस मी उद्या उद्या करतोय. फोनवर सांगायचं म्हटलं तर मला माझाच भरवसा नाही, फोनवर मला तुझ्याशी खोटं बोलायची सवय आहे.

संजू, मोटार जळाली नव्हती. ती तीन आठवडे चालू होती आणि तुझे दोन्ही दिवस मी माझ्या उसाला दिले. ऊस जगावा म्हणून नाही, तो जगलाच असता. शंभर टनांचा आकडा मी चार लोकांत बोलून बसलो होतो, तेवढ्यासाठी. पहिल्या दिवशी आपला गडी भिमा म्हणाला होता, "मालक, ह्ये ताईंचं पाणी हाय न्हवं?" मी त्याला म्हटलं, तू दारं धर. त्याने धरलं, आणि पुढच्या महिन्यात काम सोडलं. तुझं काही चुकलं नव्हतं. तू नातवात रमलीस ते बरोबरच केलंस. मला तुझ्याकडून माफी नको आहे, मागायची माझी लायकी नाही. तुला मला शिव्या द्याव्या वाटल्या तर इथे येऊन चारचौघांत दे, मी बसून ऐकेन. बोलणं सोडलंस तरी समजेन, मग संध्याकाळी फोन करणार नाही. पण सोमवारी सही करू नकोस. तुझं पाणी मी चोरलं आहे, रान तरी माझ्या हातात देऊ नकोस.

तुझाच,
विजूदादा